सोलापुरी चादर : दुसऱ्या माळेच्या रात्रीनंतरचा अभिप्राय

हा अभिप्राय दोन चादरींविषयी आहे. एक चादर 2011 साली माझ्या लग्नात रुखवताबरोबर माहेरहून आलेली, डाळिंबी रंगाची, मध्यभागी मोराची नक्षी असलेली. दुसरी 2025 च्या श्रावणात सोलापूरच्या पूर्व भागातील एका जुन्या दुकानातून मी स्वतः निवडून घेतलेली, निळ्या-पांढऱ्या चौकटींची. दोन्ही अस्सल सोलापुरी, पूर्ण सुती आणि दोन माणसांना सहज पुरतील अशा मोठ्या मापाच्या आहेत. चादरीबद्दल लिहिताना लोक ऊब, रंग, मऊपणा आणि किंमत यांविषयी लिहितात. मीही त्याविषयी लिहिणार आहे. परंतु 23 सप्टेंबर 2025 च्या रात्री सीनेच्या पुरात या दोन चादरींनी जे काम केले, ते बाजूला ठेवून त्यांच्याविषयी काही सांगणे मला जमणार नाही. ज्या चादरीतून माझ्या सासूबाईंना आम्ही कंबरभर पाण्यातून पलीकडे नेले, त्या चादरीला केवळ ‘धुण्यास सोपी, रंग पक्का’ असे म्हणून मोकळे होणे मला कृतघ्नपणाचे वाटते.

आधी वस्तूविषयी. सोलापुरी चादरीवरची नक्षी छापलेली नसते, जेकार्ड मागावर सुतातूनच विणलेली असते. त्यामुळे ती दोन्ही बाजूंनी दिसते, फक्त रंगांची अदलाबदल होते. आमच्या जुन्या चादरीवर एका बाजूने डाळिंबी रंगावर पांढरा मोर आहे आणि उलटी केली की पांढऱ्यावर डाळिंबी मोर. नवी चादर हाताला थोडी ताठ आणि खरखरीत लागते. तीन-चार धुण्यांनंतर ती मऊ होते आणि पुढे वर्षानुवर्षे तशीच राहते. थंडीच्या दिवसांत ऊब पुरेशी मिळते, उन्हाळ्यात अंगाखाली घेतली तर घाम शोषून घेते. महाराष्ट्रात सर्वप्रथम भौगोलिक मानांकन मिळालेल्या वस्तूंमध्ये या चादरीची गणना होते आणि सोलापूरच्या पूर्व भागातील पद्मशाली विणकरांच्या कित्येक पिढ्यांचा हात त्यामागे आहे. हे सर्व मला आधीही ठाऊक होते. सोलापूर जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला चादरीचे कौतुक कोणी शिकवावे लागत नाही. आमच्याकडे लग्नाचा आहेर असो की सत्कार, चादर असतेच. एवढी परिचयाची वस्तू नेमकी किती भार सोसू शकते, याचा विचार मात्र मी कधी केला नव्हता.

आमचे गाव दक्षिण सोलापूर तालुक्यात सीनेच्या काठावर आहे. सीना अहिल्यानगरच्या बाजूने येते, करमाळा, माढा, मोहोळ हे तालुके ओलांडून आमच्याकडे पोहोचते आणि पुढे हत्तरसंग कुडल येथे भीमेला मिळते. उन्हाळ्यात तिचे पात्र बंधाऱ्यांत अडवलेल्या पाण्यापुरतेच ओले असते. लहान मुले ते चालत ओलांडतात. म्हणून या नदीची भीती आमच्या पिढीला फारशी नव्हती. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये जिल्हाभर अतिवृष्टी झाली, तेव्हा पाणी आमच्या अंगणातील तुळशीवृंदावनापर्यंत येऊन परतले होते. ती खूण आम्ही मनात पक्की केली होती. ‘वृंदावनापर्यंत येईल, त्यापुढे नाही,’ असे घरातील सगळेच म्हणत असत आणि याच एका समजुतीने त्या रात्री आमचे मोलाचे दोन-तीन तास वाया घालवले.

सोमवारी, 22 सप्टेंबरला, घट बसले. आत्याबाईंनी (माझ्या सासूबाईंना घरात सर्वजण याच नावाने हाक मारतात) नेहमीप्रमाणे शेतातील काळी माती चाळून पत्रावळीवर पसरली, तिच्यात ज्वारी, गहू आणि इतर धान्य पेरले, मधोमध मातीचा घट ठेवला आणि नंदादीप लावला. त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर आहे, दोन्ही गुडघे गेलेले आहेत, आधाराशिवाय उंबरा ओलांडता येत नाही; तरी देव्हाऱ्यासमोरचे हे काम त्या दुसऱ्या कोणाला करू देत नाहीत. मंगळवारी दुसरी माळ चढली. त्या दिवशी दुपारपासूनच वरच्या गावांतून फोन येऊ लागले होते. धाराशिव आणि अहिल्यानगर भागात पावसाने कहर केला होता, सीना-कोळेगाव, चांदणी आणि खासापुरी या प्रकल्पांतून पाणी सुटले होते, त्यात भोगावतीची भर पडली होती, माढा तालुक्यात लोक घरांच्या छपरांवर अडकले होते. संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून नदीकाठच्या घरांना वर माळावरच्या शाळेत जाण्याची सूचना झाली. शेजारची बरीच घरे हलली. आम्ही ज्वारीची पोती ओट्यावर चढवली, म्हैस सोडून दिराबरोबर माळावर पाठवली, मुलांना त्याच्याच बरोबर धाडले आणि आम्ही तिघे घरात राहिलो. कारण उघड होते. आत्याबाई घट सोडून निघायला तयार नव्हत्या.

‘घट बसलाय. उठल्याबिगर जागा सोडता येत न्हाई. तुमी जावा, मी आईपाशी बसते,’ एवढेच त्या म्हणत होत्या. ज्यांच्याकडे घट बसत नाहीत त्यांना हा हट्ट वाटेल. बसलेला घट दसऱ्यापर्यंत हलवायचा नाही, दिवा विझू द्यायचा नाही, घराला कुलूप लावायचे नाही, ही शिस्त आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पाळली गेली आहे आणि आत्याबाईंनी ती साठ वर्षे पाळली आहे. त्यांच्या मनात देवी मातीत पेरली गेली होती आणि पेरलेले उपटून नेता येत नाही. यजमानांनी समजावले, मी पाया पडून विनवले; त्यांनी उत्तर दिले नाही, समईत तेल घातले.

पहाटे तीनच्या सुमारास पाणी वृंदावन बुडवून ओट्याला लागले. वीज आधीच गेली होती. आमचे घर माळवदाचे आहे, जुन्या मातीच्या भिंतींचे. भिंत पायथ्यापासून भिजली की कधी बसेल याचा नेम नसतो. बोळाच्या पलीकडे आमचे शेजारी अप्पा यांचे दुमजली, सिमेंटच्या स्लॅबचे घर आहे. अंतर जेमतेम चाळीस पावलांचे, पण बोळातून पाणी ओढ्यासारखे धावत होते. अप्पा आणि त्यांची दोन्ही मुले वरून विजेऱ्या मारून हाका मारत होती. शेवटी मुलेच खाली उतरून आमच्या दारात आली आणि त्यांच्यासोबत जे पाणी उंबऱ्यावरून आत शिरले, त्याच्या झुळकीबरोबर नंदादीप विझला.

तो क्षण मी विसरणार नाही. अंधारात कोणीही बोलले नाही. पाण्याचा आवाज होता आणि आत्याबाईंच्या हातातील काकणांचा. नंतर त्या स्वतःहून म्हणाल्या, ‘आधी आईला न्या. मग मला.’

चादरींचे काम येथून सुरू झाले. निळी चादर कोरी होती, दिवाळीसाठी म्हणून पेटीत वर ठेवली होती. ती मी काढली, चौघडी घातली, पत्रावळीसकट घट तिच्यात ठेवला आणि चारही टोके वर घेऊन गाठ मारली. यजमानांनी तो गाठोडा डोक्यावर घेतला. माती सांडली नाही, घट कलंडला नाही. चादर जाड असल्यामुळे खालची पत्रावळ आतल्या आत घट्ट बसली. पातळ कापडात ती वाकून दुमडली असती असे मला वाटते. देवीला पलीकडे पोहोचवून यजमान परत आले. तोवर पाणी माझ्या कमरेला लागले होते.

आत्याबाईंना पाठुंगळी घेणे शक्य नव्हते. गुडघे वाकत नाहीत आणि पाठीवरून त्या घसरल्या असत्या. खाट दारातून निघत होती, पण बोळाच्या वळणावर अडकली असती. तेव्हा अप्पांच्या थोरल्या मुलानेच डाळिंबी चादर ओढून घेतली. ती दुहेरी केली, आत्याबाईंना मधोमध बसवले आणि चौघांनी चार टोके मनगटाला गुंडाळून झोळी उचलली. पुढे दोन मुले, मागे यजमान आणि मी. शेतमजुरीच्या दिवसांत बायका बाळाला ज्या झोळीत निजवतात, तशीच ती झोळी होती. आत फक्त अठ्ठ्याहत्तर वर्षांची माउली होती, डोळे मिटून ‘आई राजा उदो उदो’ म्हणणारी.

येथे एक गोष्ट मुद्दाम नमूद करते. भिजलेली चादर फाटेल, हीच माझ्या मनातील सर्वांत मोठी भीती होती. नंतर दुकानात समजले की सुती धागा ओला झाल्यावर कमकुवत होत नाही, उलट कोरड्यापेक्षा अधिक ताण सोसतो. कृत्रिम रेशमासारख्या काही धाग्यांचे मात्र नेमके उलटे होते. त्या रात्री मला हे ठाऊक नव्हते. मला फक्त मनगटाभोवतीचा पीळ कळत होता. सूत पाण्याने फुगून आवळले होते आणि हातातून निसटत नव्हते. बोळाच्या मध्यावर धाकट्या मुलाचा पाय गटाराच्या खड्ड्यात गेला, झोळीला एकदम हिसका बसला आणि माझ्या हातातील टोकापाशी ‘टर्र’ असा आवाज झाला. मी डोळे मिटले. मी फार देवधर्म करणारी बाई नाही. पूजा आत्याबाई करतात आणि मी नैवेद्य करते, अशी आमच्या घरातील वाटणी आहे. त्या आवाजानंतरची पंधरा-वीस पावले मात्र मी देवीचे नाव घेतच चालले आणि ते मी ठरवून घेतले नव्हते. पलीकडे पोहोचल्यावर विजेरीच्या उजेडात पाहिले : काठाची शिवण चार बोटे उसवली होती, तिच्या आत विणीतील काही उभे धागे तुटले होते, पण चीर पुढे सरकली नव्हती. चौदा वर्षे वापरलेल्या, दोन-अडीचशे वेळा धुतलेल्या चादरीचे हे मोजमाप मला पुरेसे आहे.

स्लॅबवर आम्ही एकोणीस माणसे होतो. बुधवारचा पूर्ण दिवस, बुधवारची रात्र आणि गुरुवारची दुपार होईपर्यंत आम्ही तेथेच राहिलो. अप्पांनी एका कोपऱ्यात ताडपत्री बांधली होती आणि पाऊस थांबून थांबून येत होता. आमचे माळवद बुधवारी सकाळी, सगळ्यांच्या देखत, मागच्या बाजूने बसले. देव्हारा त्याच खोलीत होता. आत्याबाईंनी ते पाहिले आणि मांडीवरच्या गाठोड्यावर हात ठेवला. निळी चादर सोडून घट खाली ठेवायला त्या तयार नव्हत्या. स्लॅबच्या ओल्या सिमेंटवर आईला कशी ठेवू, असे त्यांचे म्हणणे होते. शेवटी चादरीच्या दोन घड्या खाली, एक घडी भोवती आणि एक वरून आडोशाला, अशी रचना करून घट कोपऱ्यात मांडला. दिवा नव्हता. काडेपेटी भिजली होती आणि तेलही नव्हते. विझलेल्या दिव्याबद्दल त्या दिवसभर काही बोलल्या नाहीत, फक्त संध्याकाळी सर्वांनी आरती म्हटली तेव्हा त्यांचा आवाज मध्येच थांबला.

त्याच स्लॅबवर सकाळी अप्पांनी आपली पूजा केली. ते लिंगायत आहेत. गळ्यातील चांदीच्या करडीतून, म्हणजे छोट्या डबीतून, त्यांनी इष्टलिंग काढले, डाव्या तळहातावर घेतले, पावसाचेच धरलेले पाणी घातले आणि बराच वेळ त्याकडे पाहत बसले. भोवताली सगळीकडे तांबूस-काळे पाणी, त्यात वाहत जाणारे कडब्याचे भारे, उलटी पडलेली पाण्याची टाकी, आणि मध्ये हा माणूस आपल्या तळहातावर दृष्टी लावून. त्यांचा देव गळ्यात होता, जिथे ते जातील तिथे बरोबर जाणारा. आमचा मातीत पेरलेला, जागा न सोडणारा. पूजा झाल्यावर ते आत्याबाईंपाशी येऊन बसले आणि म्हणाले, ‘अक्का, जागा आईनंच सोडली. तुमी न्हाई सोडली.’ आत्याबाईंनी त्यांच्याकडे पाहून मान हलवली आणि त्या दिवशी प्रथमच दोन घोट पाणी घेतले.

आता चादरीचा दोष, कारण तो मी याच स्लॅबवर अनुभवला. डाळिंबी चादर पाण्यातून आली होती ती इतकी जड झाली होती की एकट्या माणसाला पिळता येत नव्हती. दोघींनी दोन टोके धरून पीळ दिला तरी रात्रीपर्यंत ती ठिबकत राहिली. जी चादर ताण सोसते ती पाणीही तितकेच पिते, आणि पावसाळी हवेत दोन दिवसांतही वाळत नाही. त्या रात्री ती पांघरायला पूर्णपणे निरुपयोगी होती. अप्पांच्या सुनेच्या तान्ह्या मुलीला कोरडे काहीतरी हवे होते आणि आमच्याकडे कोरडी अशी फक्त निळी चादर होती, जी घटाभोवती होती. मागायला सगळ्यांनाच संकोच वाटत होता. आत्याबाईंनी स्वतः वरची घडी सोडवली आणि पोरीच्या अंगावर घातली. चादर पुरेशी मोठी असल्यामुळे एक भाग घटाखाली आणि दुसरा बाळावर, असे दोघे रात्रभर एकाच चादरीत राहिले. पुराच्या गावात राहणाऱ्यांना म्हणूनच सांगते की पावसाळ्यात एक तरी चादर जाड प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून उंचावर ठेवावी. कोरडी असेल तरच ती चादर आहे.

गुरुवारी दुपारी बचाव पथकाची रबरी बोट आली. आधी तान्ही मुलगी आणि तिची आई, मग म्हातारी माणसे. बोटीत आत्याबाईंच्या मांडीवर घट होता आणि जवानांनी त्याला हरकत घेतली नाही. एकाने उलट गाठ नीट आवळून दिली. माळावरच्या शाळेत आमचा मुक्काम पुढे बारा दिवस होता. पुणे महामार्ग लांबोटीपाशी आणि विजयपूर महामार्ग हत्तूर-वडकबाळ भागात पाण्यामुळे बंद पडला होता, त्यामुळे पहिली मदत पोहोचायला उशीर झाला. नंतर ती भरभरून आली. सोलापूर शहरातून चपात्या, शेंगाचटणी आणि कडक भाकरी आल्या. शेंगाचटणीबरोबर कडक भाकरी कशी पोट धरते, हे त्या दिवसांत माझ्या मुलांनाही कळले.

मदतीत पांघरुणेही आली आणि त्यासंबंधी लिहिणे या अभिप्रायाच्या दृष्टीने आवश्यक आहे. देणाऱ्यांची भावना मोठी होती, त्यांच्याविषयी मनात कृतज्ञताच आहे. परंतु आमच्या वर्गखोलीत वाटलेल्या काही चादरींच्या वेष्टनावर ‘सोलापुरी’ असे छापले होते आणि त्या सोलापुरी नव्हत्या. हातात घेताच कळत होते : वजन नाही, नक्षी एकाच बाजूने, उलट बाजूला सुटे लोंबणारे धागे, आणि अंगावर घेतली की सुताऐवजी मेणकापडासारखी सुळसुळ. तिसऱ्या दिवशी त्यांचे गोळे निघू लागले. ज्या कोणा विक्रेत्याने दानशूर माणसांना या चादरी सोलापुरी म्हणून विकल्या, त्याने देणारा, घेणारा आणि विणणारा अशा तिघांनाही फसवले. सोलापूरपासून तासाभराच्या अंतरावर, सोलापूरच्याच पूरग्रस्तांना नकली सोलापुरी चादर मिळावी याचे मला फार वाईट वाटले. अस्सल चादर ओळखण्यासाठी मी आता चार गोष्टी पाहते : दोन्ही बाजूंची उलटसुलट नक्षी, हाताला लागणारे वजन, काठावर विणलेले उत्पादकाचे नाव, आणि दशीचा एक धागा जाळून पाहणे. सुती धाग्याची कागदासारखी राख होते, कृत्रिम धागा वितळून त्याचा कडक मणी होतो.

महिना संपत असताना सीना पुन्हा चढली. शाळेपर्यंत पाणी येण्याचा प्रश्न नव्हता, तरी रात्री कोणी झोपले नाही. घट वर्गाच्या कोपऱ्यात, फळ्याखाली, निळ्या चादरीवरच होता. शाळेत पोहोचताच दिवा पुन्हा लावला होता आणि मुली पाळीपाळीने तेल घालत होत्या. त्या दिवसांत धान्य उगवून आले. घटाची माती दोन वेळा हलली, एक दिवस अंधारात गाठोड्यात राहिली, त्यामुळे कोंब नेहमीसारखे सरळ नव्हते. एका बाजूला झुकलेले, फिकट पिवळे होते. आत्याबाईंनी चष्मा लावून ते जवळून पाहिले आणि एकेका कोंबावरून बोट फिरवत ‘ही ज्वारी, हा गहू’ असे मोजत बसल्या. 2 ऑक्टोबरला दसऱ्याच्या दिवशी घट उठले. अप्पांच्या दोन्ही मुलांच्या टोपीत त्यांनी सर्वांत आधी ते कोंब खोवले, मग आमच्या मुलांच्या. कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला पायी निघणाऱ्यांत यंदाही आमच्या गावची माणसे होती. घरे पडलेली माणसेही चालत गेली. आत्याबाईंनी त्यांच्याबरोबर आईसाठी खण पाठवला.

घर गाळातून उपसल्यावर चादरी धुतल्या, त्याविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण अनेकांनी घाईत चांगल्या चादरी फेकून दिल्या. सीनेचा गाळ चिकट आणि काळा असतो. तो ओला असताना चोळला तर विणीत आणखी आत जातो. आम्ही चादर आधी पूर्ण वाळू दिली, काठीने झोडपली, ब्रशने गाळ झाडला आणि मगच गार पाण्यात रात्रभर भिजत घातली. पहिले पाणी काळे निघाले, दुसरे गढूळ, चौथ्या पाण्यात ते निवळले. पुराच्या पाण्यात काय काय मिसळलेले असते हे आपण जाणतोच, म्हणून शेवटी साबणाच्या कढत पाण्यातून काढली आणि ऑक्टोबरच्या कडक उन्हात तीन दिवस उलटसुलट वाळवली. डाळिंबी रंग थोडा उतरला, पांढऱ्या मोराला कायमची मातकट छटा आली, वास मात्र गेला. निळ्या चादरीने पहिल्या धुण्यात रंग सोडला. नव्या चादरी वेगळ्या धुवाव्यात, हा जुना सल्ला खराच आहे. तिच्यावर पत्रावळीखालच्या मातीचा एक गोल डाग राहिला आहे. तो काढायचा प्रयत्न मी केलेला नाही.

दिवाळीच्या आधी मी पुन्हा त्या दुकानात गेले. गादीवर बसणाऱ्या मावशी तेलुगू वळणाचे मराठी बोलतात. उसवलेला काठ त्यांनी हातात घेतला, बोटाने धागे मोजावेत तसे पाहिले आणि ही चादर कशी फाटली असे विचारले. मी सर्व सांगितले. त्यांनी लगेच काही उत्तर दिले नाही. मग भिंतीवरच्या मार्कंडेय ऋषींच्या तसबिरीकडे हात करून त्या म्हणाल्या की आम्ही यांच्या वंशातले; यमाने फास टाकला तेव्हा यांनी शिवलिंगाला मिठी मारली आणि सोडली नाही, आणि प्रलयात सगळे जग बुडाले तेव्हा पाण्यावर एकटे हेच तरंगत राहिले, वडाच्या पानावरचे बाळ यांनीच पाहिले. ही कथा मी लहानपणी कीर्तनात ऐकली होती, परंतु विणकरांचा मूळपुरुष आणि प्रलयातून वाचलेला ऋषी एकच आहेत, हे माझ्या कधी ध्यानात आले नव्हते. सोलापुरात नारळी पौर्णिमेला मार्कंडेयांचा रथ निघतो तो मी दोनदा पाहिला आहे. पुढच्या वेळी आत्याबाईंना घेऊन जाणार आहे.

मावशींनी काठ तेथेच यंत्रावर शिवून दिला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. दोन नव्या चादरी मी रोख पैसे देऊन घेतल्या, प्रत्येकी 780 रुपयांना, आणि भावात घासाघीस केली नाही. एक आमच्यासाठी आणि एक अप्पांच्या नातीसाठी. या किमतीत याहून टिकाऊ पांघरूण मला माहीत नाही. स्वस्त म्हणून तिच्या निम्म्या किमतीत मिळणारी कृत्रिम धाग्याची चादर घेऊ नये, एवढे मी आग्रहाने सांगेन. त्याचबरोबर एक इशाराही देते. चादर हे बचावाचे साधन नाही. आमच्याकडे दोर नव्हता, हवा भरलेली ट्यूब नव्हती, वेळ नव्हता आणि अंतर चाळीस पावलांचे होते, म्हणून आम्ही ती वापरली. सूचना मिळताच संध्याकाळी निघालो असतो तर तिची गरजच पडली नसती. पुढच्या वर्षी घट बसवण्याआधीच नदीची खबर घ्यायची आणि पाणी चढणार असेल तर घट माळावर दिराच्या पत्र्याच्या घरात बसवायचे, असे आत्याबाईंनीच ठरवले आहे.

नवे घर उभे राहीपर्यंत आम्ही त्याच पत्र्याच्या घरात आहोत. डाळिंबी चादर आता आत्याबाईंच्या खाटेवर असते. शिवलेला काठ त्या पायाकडे येऊ देत नाहीत. रात्री अंथरूण घालताना मी विसरले तर उठून बसतात, चादर फिरवून घेतात आणि तो कोपरा उशाशी आला की मगच आडव्या होतात.